मान दुखते? आधी बसायची जागा दाखवा

नोव्हेंबर लागला की कन्हानला तारसा रोडच्या बाजूच्या एका घरी सकाळपासून माणसांची ये-जा सुरू होते. येणारे बहुतेक साठी ओलांडलेले, आसपासच्या कोळसा खाणींतून निवृत्त झालेले. कोणाच्या पिशवीत पेन्शनचे कागद, कोणाच्या खिशात बँकेचे पासबुक. पेन्शन चालू ठेवायची तर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल सोय सुरू केली आणि आता मोबाइलसमोर चेहरा धरूनही दाखला देता येतो. पण ज्यांचे आयुष्य फावड्या-कुदळीने गेले, त्यांच्या बोटांचे ठसे यंत्राला उमटत नाहीत आणि मोबाइलवर काय दाबायचे ते त्यांना उमगत नाही. मग ते या घरी येतात.

घरातले गृहस्थ ६८ वर्षांचे. नोकरीची पहिली काही वर्षे जमिनीखाली आणि उरलेली हजेरी कार्यालयात गेली, त्यामुळे अर्ज आणि रकाने यांची त्यांना सवय. निवृत्तीनंतर ते सोबत्यांचे कागद भरून देऊ लागले. पैसे घेत नाहीत. उलट चहा त्यांच्याच घरचा होतो. सारी वस्ती त्यांना काकाजी म्हणते.

दोन वर्षांपूर्वी काकाजींनी हे काम बंद केले. दार वाजले की सून बाहेर येऊन सांगायची, ‘त्यांची मान धरली आहे, आता ते लिहीत नाहीत.’ मान आखडलेली, खांद्यापर्यंत कळ आणि उजव्या हाताच्या करंगळीला मुंग्या. एक्स-रे झाला, त्यात ‘मणक्यांची झीज’ निघाली. गळ्यात पट्टा आला. औषधाच्या दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आल्या आणि त्या तीन महिने चालल्या. मान काही सुटली नाही, पण गोळीने आटोक्यात असलेला रक्तदाब वर गेला आणि रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेले दिसले. म्हणजे मूत्रपिंडांवर ताण आला होता. दुखण्याच्या गोळ्या बंद झाल्या. तेव्हा कुठे त्यांना पहिल्यांदा एक साधा प्रश्न विचारला गेला: लिहायला बसता कुठे?

काकाजींना सांगता येईना. रोज करतो ती गोष्ट माणसाला सांगता येत नाही. तेव्हा मुलाला सांगण्यात आले की, वडील कामात असताना, त्यांना न सांगता, बाजूने एक फोटो काढून आणा.

फोटोत सगळे होते. पुढच्या खोलीतला दिवाण, त्यावर मऊ गादी, गादीत रुतलेले काकाजी. मांडीवर उशी, उशीवर अर्ज. हनुवटी छातीला टेकायला आलेली. उजवे कोपर दिवाणाच्या लाकडी कडेवर दाबलेले. डाव्या हातात मोबाइल उंच धरलेला, कारण ओटीपी वाचायचा होता. उजेड पाठीमागच्या दारातून येत होता, म्हणून अर्जावर त्यांचीच सावली. दिवाण उंच, त्यामुळे पाय अधांतरी. अशा बैठकीत रोज तीन-चार तास.

त्या एका फोटोने जे सांगितले ते एक्स-रे सांगू शकला नव्हता. मानेच्या मणक्यांची झीज साठीनंतर जवळजवळ सगळ्यांनाच असते. १९८६ मध्ये गोर नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मानेची कोणतीही तक्रार नसलेल्या २०० जणांचे एक्स-रे पाहिले; त्यांतल्या ६० ते ६५ वयाच्या पुरुषांपैकी ९५ टक्क्यांच्या आणि स्त्रियांपैकी ७० टक्क्यांच्या एक्स-रेमध्ये झीज होती. त्यांच्यापैकी कोणाचीही मान दुखत नव्हती. डोक्यावरचे केस पांढरे होतात तशीच ही गोष्ट आहे. पण अहवालावर ‘स्पॉन्डिलोसिस’ हा शब्द एकदा आला की माणूस स्वतःला रोगी समजू लागतो आणि पट्टा-गोळीच्या मागे लागतो. करंगळीच्या मुंग्याही मानेतून आल्या असतील असे सगळ्यांनी धरून चालले होते. करंगळीकडे जाणारी नस कोपराच्या आतल्या बाजूला अगदी कातडीखालून जाते, आणि काकाजी ती नस रोज लाकडाच्या धारेवर दाबत होते.

मोठ्या माणसाचे डोके साधारण साडेचार-पाच किलोचे असते. ते खांद्यांवर सरळ तोललेले असले तर मानेच्या स्नायूंना फारसे काम नसते. पुढे झुकले की तेच वजन तोलायला स्नायूंना कितीतरी पट जोर लावावा लागतो. विशीतली मान हे तासन्‌तास सहन करते, सत्तरीतली करत नाही.

मग ज्येष्ठ माणूस पुढे का झुकतो? सवयीने, असे घरचे म्हणतात. ‘बाबा, ताठ बसा’ हे वाक्य प्रत्येक घरात दिवसातून चारदा ऐकू येते. पण बहुतेक वेळा झुकण्याचे मूळ पाठीत नसून डोळ्यांत असते. चाळिशी लागते तेव्हा डोळ्यातले भिंग ताठर होऊ लागते आणि साठीपर्यंत जवळचे पाहण्यासाठी आकार बदलण्याची त्याची ताकद जवळजवळ संपते. त्यात बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होते. परिणामी साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या सुमारे एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. सुनेला ज्या खोलीत लख्ख दिसते त्याच खोलीत सासरे अंधारात बसलेले असतात. कागद दिसत नाही म्हणून डोके कागदाकडे जाते. उजेड वाढवला तर डोके आपोआप वर येते, कोणी बजावावे लागत नाही.

छताखालच्या ट्यूबलाइटचा इथे उपयोग कमी. ती बहुधा पाठीमागे किंवा मधोमध असते आणि कागदावर आपलीच सावली पडते. लिहिणाऱ्याच्या डाव्या बाजूने (डावखुरा असेल तर उजव्या) कागदावर पडणारा, मान वळवता येणारा छोटा दिवा हवा. नऊ वॅटचा एलईडी बल्ब पुरतो. दिव्याचा झोत डोळ्यांत येता कामा नये. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर समोरचा उघडा दिवा सगळेच धूसर करून टाकतो. खिडकी असेल तर टेबल तिच्याकडे तोंड करून ठेवू नये आणि पाठ करूनही नको. खिडकी बाजूला घ्यावी.

चष्म्याचा घोटाळा वेगळा आहे. दुहेरी भिंगाच्या चष्म्यात जवळचा नंबर खालच्या अर्ध्या भागात असतो आणि तो साधारण ४० सेंटिमीटरवरच्या पुस्तकासाठी काढलेला असतो. संगणकाचा पडदा ६०-६५ सेंटिमीटरवर आणि डोळ्यांसमोर असतो. तो वाचायला माणूस हनुवटी वर करतो, डोके मागे टाकतो आणि वर पुढे सरकतो. अर्ध्या तासात मानेच्या मागच्या बाजूला ठणका लागतो. ज्यांचे रोज दोन-तीन तास संगणकावर काम आहे त्यांनी तेवढ्याच अंतरासाठी वेगळा, साधा, एकाच नंबरचा चष्मा करून घ्यावा. डोळे तपासून घेताना टेबलापासून पडद्याचे अंतर मोजून नेले तर नंबर नेमका निघतो. मात्र तो चष्मा घालून उठून चालायचे नाही. लांबचे त्यातून पुसट दिसते. दुहेरी भिंग घालून पायऱ्या उतरतानाही जपावेच, कारण खालच्या भागातून पायरीची कड नीट कळत नाही.

आता बैठक. आपल्याकडचे तयार टेबल साधारण अडीच फूट उंच असते, म्हणजे ७५ सेंटिमीटर. खुर्चीची बैठक दीड फूट. ही मापे पाच फूट आठ-नऊ इंच उंचीच्या माणसाला सोयीची. आपल्या घरांतल्या पाच फुटी आजीला या खुर्चीवर बसवले की तिचे पाय टेकत नाहीत आणि टेबल जवळजवळ छातीशी येते. मग खांदे वर उचलून लिहायचे. ते दुखले तर नवल नाही.

मोजायला शिंप्याची टेप पुरे. तळवे जमिनीवर सपाट टेकवून, मांड्या आडव्या ठेवून बसावे. कोपर अंगालगत काटकोनात वाकवावे. जमिनीपासून कोपरापर्यंतचे जे माप येईल ती त्या माणसाच्या टेबलाची उंची. पाच फुटी बाईसाठी ती दोन फुटांच्या आसपास येते, साडेपाच फुटी पुरुषासाठी सव्वादोन फुटांच्या थोडी आत. लाकडी टेबल असेल तर सुताराकडून चारही पाय तेवढे कापून घेता येतात. लोखंडी असेल तर उलटे करायचे, म्हणजे घट्ट फोमच्या उशीने बैठक उंच करायची आणि पायाखाली पाट घ्यायचा. जेवायला सगळे टेबलावर बसू लागल्यापासून पाट बहुतेक घरांत माळ्यावर पडून आहेत. त्यांना हे चांगले काम आहे.

वयस्कर माणसाच्या बाबतीत थोडी उंच बैठक बरीही पडते. खोल, बुटक्या खुर्चीतून उठताना गुडघ्यांवर फार जोर येतो. खुर्चीला हात हवेतच, कारण हातांनी रेटून उठले की गुडघ्यांचा भार हलका होतो. चाकांची खुर्ची मात्र सत्तरीच्या घरात आणू नये. मुलाने नवी घेतली म्हणून जुनी फिरती खुर्ची वडिलांना मिळते; ते बसायला जातात आणि ती टाइलवरून मागे सटकते. खुब्याचे हाड मोडण्याला एवढे कारण पुरते. प्लास्टिकच्या खुर्चीला हात असतात हा तिचा गुण, पण पाय फाकलेली, तडा गेलेली खुर्ची अंगणात ठेवावी, कामाला घेऊ नये.

उभा उतार ही आणखी एक विसरलेली गोष्ट. पेढीवरच्या मुनीमजींचे डेस्क बसके आणि उतरते असायचे. त्या उतारामुळे चोपडी डोळ्यांकडे यायची, मान चोपडीकडे जायची नाही. सपाट टेबल आले आणि हा उतार गेला. परीक्षेला नेतात ते पॅड दोन जाड पुस्तकांवर तिरपे टेकवले की तो परत मिळतो. मोबाइललाही शंभर-दीडशे रुपयांत मिळणारा स्टँड पुरतो. मग हात उंच धरून ठेवावा लागत नाही.

अनेक ज्येष्ठांना हे टेबल-खुर्चीचे प्रकरणच नको असते. आयुष्यभर मांडी घालून बसले, तसेच बसून लिहितात. त्यात चूक काहीच नाही. नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवरच्या सेवाग्रामात बापूकुटी आजही पाहता येते. महात्मा गांधी १९३६ मध्ये तिथे राहायला आले तेव्हा ६६ वर्षांचे होते. जमिनीवरची बैठक, पाठ टेकायला आधार, पुढ्यात बसके डेस्क आणि लागणारी प्रत्येक वस्तू हाताच्या अंतरावर, एवढ्यावर त्यांचा जगभरचा पत्रव्यवहार चालत असे. उजवा हात थकला की ते डाव्या हाताने लिहीत. पण ते रोज मैलोन्‌मैल चालणारे गृहस्थ होते, हे विसरून नुसती बैठक उचलता येत नाही.

ब्राझीलमधल्या क्लाउडिओ गिल अराउजो या डॉक्टरांनी ५१ ते ८० वयाच्या २,००२ जणांना जमिनीवर बसून उठायला लावले आणि पुढे काही वर्षे त्यांचा माग ठेवला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, हात-गुडघ्यांचा आधार न घेता उठबस करणारे जास्त जगले. आपल्याकडे तेव्हापासून ‘जमिनीवर बसा, आयुष्य वाढेल’ असे निरोप मोबाइलवर फिरतात. अभ्यासाचा अर्थ तसा नाही. ज्यांचे स्नायू आणि तोल चांगला आहे त्यांना उठता येते आणि तेच जास्त जगतात. दुखऱ्या गुडघ्यांनी जबरदस्तीने मांडी घातल्यास आयुष्य वाढत नाही. कन्हानसारख्या गावात तर हे ध्यानात ठेवायलाच हवे. भूमिगत खाणीत वर्षानुवर्षे उकिडवे बसून, गुडघे टेकून काम केलेल्यांचे गुडघे लवकर झिजतात. ब्रिटनमध्ये २००९ पासून कोळसा खाणकामगारांच्या गुडघ्यांची झीज हा व्यवसायजन्य आजार धरला जातो. आधाराशिवाय सहज उठता येत असेल तोवर खाली बसावे, भिंतीला पाठ टेकून, पुढ्यात चौरंग घेऊन. उठताना खाटेची दांडी शोधावी लागली की खुर्चीवर यावे. त्यात कमीपणा नाही.

टेबल म्हटले की घरातल्या पुरुषाचेच डोळ्यांसमोर येते. बाईच्या नावाचे टेबल असे घरात क्वचित असते. बचत गटाचा हिशेब ती पलंगावर उशी घेऊन लिहिते, नातवंडांचा अभ्यास ओट्याजवळ उभी राहून घेते. तिच्या मालकीचे एकच कामाचे ठिकाण असते, ते म्हणजे शिलाई मशीन. साठीतही ब्लाउज, फॉल-पिको करणाऱ्या बायका प्रत्येक गल्लीत आहेत. मशीन कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, उजेडाला पाठ. बसायला पाठ नसलेले स्टूल. सुईत दोरा ओवताना वाकून वाकून पाठीला बाक येतो आणि तो वयाचा मानला जातो. मशीन खिडकीजवळ आडवे फिरवणे, सुईवर पडणारा दिवा लावणे आणि स्टुलाऐवजी पाठीची खुर्ची देणे, याला एका दुपारचे काम लागते. बाई स्वतःहून ते मागत नाही.

विदर्भात या सगळ्यावर ऋतूचा अंमल चालतो. दिवाळीनंतर खिडकीपाशी मांडलेले टेबल एप्रिलमध्ये तिथे ठेवता येत नाही. पारा ४५ अंशांकडे निघाला की खिडकीत कूलर बसतो आणि टेबल त्याच्यासमोर सरकते. कूलरच्या वाऱ्याने मान आखडते असे सगळेच म्हणतात. खरे तर त्या वाऱ्यात उडणारे कागद एका हाताने दाबून, अंग तिरपे करून माणूस लिहितो, त्याने ती आखडते. डोळे मात्र वाऱ्याने खरोखर कोरडे पडतात. पडद्याकडे पाहताना पापण्या आधीच कमी मिटतात, त्यात म्हातारपणी अश्रू कमी. कूलरचा झोत अंगावर यावा, तोंडावर नको. आणि कूलरच्या आसपास पाणी सांडलेले असते. तिथे एक्स्टेंशन बोर्डची वायर लोळत असेल तर शॉक आणि घसरणे दोन्हींची सोय होते. वायर भिंतीलगत चिकटवावी, आणि कूलरला हात लावण्याआधी प्लग काढावा. दर उन्हाळ्यात याने माणसे दगावतात.

बैठक कितीही चांगली झाली तरी अर्ध्या तासाहून जास्त एका जागी बसू नये. उठताना मात्र क्षणभर कडेवर बसून, पाय हलवून मग उभे राहावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना एकदम उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते आणि टेबलाची कड कपाळाला लागते.

प्रत्येक मानदुखी टेबलाने बरी होणार नाही, हेही सांगायला हवे. हातातून कप निसटू लागला, शर्टाची बटणे लावता येईनाशी झाली, चालताना पाय लटपटू लागले, लघवीवरचा ताबा सैल झाला, रात्री झोपमोड करणारे दुखणे आहे, ताप किंवा वजन घटणे सोबत आहे, तर फर्निचर हलवत बसू नये. त्याच आठवड्यात दवाखाना गाठावा. पडल्यानंतर मान दुखू लागली असेल तर त्याच दिवशी. आणि डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक यांसारख्या दुखण्याच्या गोळ्या मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या ज्येष्ठाने दुकानातून परस्पर घेऊ नयेत, मग शेजाऱ्याला कितीही गुण आलेला असो.

काकाजींच्या घरी अडचण पैशाची नव्हती, जागेची होती. पुढच्या खोलीत दिवाण, टीव्ही आणि दुचाकी. टेबल ठेवायचे कुठे? एक टेबल होते, पण ते आतल्या खोलीत नातीच्या अभ्यासाचे. सुनेला वाटत होते, या वयात आता कशाला हवी ही कारकुनी, स्वस्थ बसावे. तिचे चुकीचे नव्हते. चहा तिलाच करावा लागत होता. पण लिहिणे बंद झाल्यापासून काकाजी स्वतःचे पासबुकही मुलाकडे देऊ लागले होते, पेपर वाचणे सोडले होते, दुपारी झोपू लागले होते आणि रात्री जागू लागले होते. हे मुलाच्या लक्षात आले तेव्हा त्याने दुचाकी अंगणात पत्र्याखाली हलवली आणि तिच्या जागी नातीचे टेबल पुढच्या खोलीत आणले. पाय टेकायला पाट, डावीकडे दिवा, परीक्षेचे पॅड तिरपे, टेबलाच्या कडेला जुन्या टॉवेलची घडी, म्हणजे कोपर बोचू नये. दिवाण समोर आलेल्या माणसांना बसायला झाला.

मुंग्या दीड-दोन महिन्यांत गेल्या. मान थंडीत अजूनही कुरकुरते, तेव्हा गरम पाण्याची पिशवी शेकायला घेतात. गोळी नाही.

मागच्या नोव्हेंबरात माणसे पुन्हा येऊ लागली. अर्ज सकाळी अकरा ते एक एवढ्याच वेळात, हा सुनेने घातलेला नियम आहे. नात यंदा दहावीला आहे आणि टेबल मुळात तिचे. ती संध्याकाळी बसते तेव्हा पाट पायाने बाजूला सारते, कारण ती आजोबांपेक्षा उंच झाली आहे. नोव्हेंबर आजोबांचा आणि परीक्षेचा महिना तिचा, असे दोघांत ठरले आहे. डिसेंबरवरून वाद चालू आहे.